कापराचा वास येणारा चष्मा

बाबांचा चष्मा देवघराच्या कोनाड्यात असायचा. रात्री झोपताना ते काड्या मिटून तो निरांजनाच्या मागे ठेवत आणि सकाळी अंघोळ झाली की पहिल्यांदा हात तिकडेच जाई. जाड, मधाच्या रंगाची फ्रेम. मधात काकवीचे थेंब पडावेत तसे तिच्यात गडद तपकिरी ढग होते. उपरण्याच्या टोकाने ते काचा पुसत, मग अंगठ्याने फ्रेमही चोळत, आणि तेवढ्या चोळण्याने कापराचा वास सुटे. मला वाटायचं, देवघरात राहून राहून चष्म्याला वास लागलाय. उदबत्तीचा पोथीला लागतो तसा.

बाबा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची उलटी अक्षरं खणाखणांच्या पेटीतून वेचायची, हातातल्या पट्टीत ओळीने लावायची, उलटीच वाचून तपासायची. त्यांचं सगळं काम हातभर अंतरावरचं. त्या अंतरासाठी लागणारा तो चष्मा त्यांनी तीस वर्षं तरी वापरला असेल. काचा तीन-चारदा बदलल्या, फ्रेम तीच. छापखाना गेला, बाबा गेले, चष्मा कोनाड्यात राहिला. आईने तो कधी हलवला नाही, आणि मीही नाही.

त्या फ्रेमकडे मी खऱ्या अर्थाने पाहिलं ते माझ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, माझा स्वतःचा चष्मा मला त्रास द्यायला लागला तेव्हा.

जवळचं वाचायच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो. वयाचंच नाव वस्तूला दिलंय. मला लांबचा नंबर कॉलेजपासून होता, त्यात चाळिशी लागली, म्हणून डॉक्टरांनी प्रोग्रेसिव्ह काचा सांगितल्या. वरून लांबचं, मधून कॉम्प्युटरचं, खालून जवळचं. एका मोठ्या चकचकीत दुकानात गेले, काचांवर भरपूर पैसे घातले आणि उरलेल्या पैशांत दहा मिनिटांत एक फ्रेम उचलली. नंबर डॉक्टरचा, काच कंपनीची, फ्रेम काय, दिसायला बरी असली की झालं, असा माझा सरळ हिशोब होता. आपल्याकडे बहुतेक घरांत हाच हिशोब असतो.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, ते सवयीचं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या आठवड्यात जिना उतरताना पायऱ्या हलायला लागल्या. मी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला जिग आणि फिक्श्चर, म्हणजे काम चालू असताना भाग पक्का धरून ठेवणारी साधनं, डिझाइन करते. ड्रॉइंगवरची मापं वाचण्यावर माझी भाकरी आहे, आणि मान वर करून, हनुवटी पुढे काढून मी ती वाचत होते. दुकानात दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा नंबर तपासून 'बरोबर आहे, सवय होईल' एवढंच सांगितलं गेलं.

शेवटी वहिनीने लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका काकांकडे पाठवलं. वाड्याच्या तळमजल्यावरचं दुकान, रुंदी दीड माणसाची. काकांनी नंबर विचारलाच नाही. "ताई, चष्मा काढू नका, नुसत्या समोर बघा," म्हणाले आणि स्टूल पुढे ओढून माझ्या डोळ्यांच्या उंचीला डोळे आणून बसले. एक मिनिटभर बघत राहिले. मग बाजूने पाहिलं. मग मागे उभं राहून कानामागून बोट फिरवलं.

"काचा चांगल्या आहेत. पण तुमचा चष्मा नाकावर टिकत नाही, गालावर बसतोय. जिथून वाचायचं ती जागा तीन मिलिमीटर खाली गेलीये. तुम्ही मान उचलून ती शोधताय."

तीन मिलिमीटर. टूलरूममध्ये आम्ही शतांश मिलिमीटरवर भांडतो, आणि माझ्याच चेहऱ्यावर तीन मिलिमीटरची चूक घेऊन मी महिनाभर फिरत होते.

त्यानंतर काकांनी जे केलं ते मला अजून तसंच्या तसं दिसतं. चष्मा घेतला, काड्या उघडल्या आणि काउंटरच्या काचेवर उलटा ठेवला, वरची कड खाली. चारही टोकं टेकतात का ते बघितलं आणि एका कोपऱ्यावर बोटाने हलकं दाबलं. चष्मा डुलला. मी हसले, कारण आमच्याकडे सरफेस प्लेटवर एखादा भाग सपाट आहे की पिळलाय हे आम्ही अगदी असंच बघतो. काकांनी एका उथळ भांड्यातल्या तापलेल्या बारीक मण्यांत काडी खुपसली, काही सेकंदांनी काढली, अंगठा आणि तर्जनीत धरून एकदाच वळवली, आणि फ्रेम पुन्हा काचेवर ठेवली. आता डुलत नव्हती. मला वाटलं, झालं. पण त्यांनी ती माझ्या चेहऱ्यावर लावली, पाहिलं, काढली, आणि जी काडी आत्ता सरळ केली होती तीच परत वाकडी केली.

"अहो काका, आता तर सरळ झाली होती!"

"टेबलावर सरळ झाली होती. तुमचा उजवा कान डाव्यापेक्षा खाली आहे. बहुतेकांचं असंच असतं. आधी फ्रेम तिच्याशी सरळ करायची, मग माणसाशी."

माझ्या कामात डेटम, म्हणजे मापं जिथून घ्यायची ती जागा, एकदा ठरला की तो देवासारखा. सगळी मापं त्या पृष्ठापासून. इथे डेटम एक नाक आणि दोन वेगवेगळ्या उंचीचे कान, आणि तेही कातडी आणि कूर्चेचे, हलणारे, घाम येणारे. असा डेटम घेऊन कुणी मला फिक्श्चर बनवायला सांगितलं तर मी काम परत पाठवेन. चष्म्याची फ्रेम बनवणारा माणूस ते रोज करतो.

तेव्हापासून मी फ्रेमच्या मागे लागले. पहिलीच गोष्ट जी कळली, तिने मला चकित केलं. भिंगं डोळ्यांपुढे धरायची युक्ती इटलीत १२८६ च्या आसपास निघाली. १३०६ मध्ये फ्लॉरेन्समधल्या एका धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितलं की चष्मे करण्याची कला निघून अजून वीस वर्षंही झाली नाहीत, त्यावरून हा काळ मोजतात. आणि कानावर जाणाऱ्या काड्या? त्या आल्या १७२० च्या दशकात, लंडनमध्ये. एडवर्ड स्कार्लेट नावाच्या चष्मेवाल्याच्या नावावर त्या आहेत. मधली चारशेहून जास्त वर्षं माणसं चष्मा नाकावर चिमटून, हातात धरून किंवा दोरीने बांधून वापरत होती. शेकडो वर्षं विद्वान एका हाताने चष्मा आणि दुसऱ्या हाताने पोथी धरून बसले होते. म्हणजे भिंग आधी सुटलं. ते चेहऱ्यावर टिकवण्याचं कोडं सुटायला चारशे वर्षं जास्त लागली.

या इतिहासाचा आपल्याकडचा धागा पुण्यातच, भांडारकर संस्थेत सापडतो. तिथले एके काळचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी चष्म्याच्या इतिहासावर लिहून ठेवलंय. अत्तर, फटाके, पिकं अशा रोजच्या गोष्टींचा माग संस्कृत आणि मराठी कागदपत्रांतून काढण्याचा त्यांना ध्यास होता, आणि मला हा माणूस त्यामुळेच फार आवडतो. विजयनगरचे संत-पंडित व्यासराय पोथी वाचताना डोळ्यांना 'उपलोचनगोलक' लावतात, असा सोळाव्या शतकातला उल्लेख त्यांनी पुढे आणला. उपलोचनगोलक! डोळ्याजवळची गोल वस्तू. शब्दात फक्त भिंग आहे, फ्रेमचा पत्ता नाही. तेव्हापासून आजच्या 'काचा चांगल्या घाल, फ्रेम कुठलीही चालेल' पर्यंत आपण फार सरकलेलो नाही.

काकांनी मला फ्रेम वाचायला शिकवली. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात. माझ्या आत्ताच्या चष्म्यावर ४८, मग एक छोटा चौकोन, मग २०, मग १४५ असं आहे. एका काचेची रुंदी ४८ मिलिमीटर, दोन काचांमधलं अंतर २०, काडीची लांबी १४५. तो मधला चौकोन शोभेचा नाही. काच गोल असो, बदामी असो, मांजरीच्या डोळ्यासारखी असो, तिच्याभोवती कडांना टेकेल असा आयत काढायचा आणि त्या आयताची मापं द्यायची, अशी ती पद्धत आहे. वेडावाकडा भाग चौकटीत बसवून मापायचा, हे आमच्या ड्रॉइंगरूमचंच शहाणपण. आधीच्या चकचकीत फ्रेमवर हेच आकडे ५६ आणि १६ होते. माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ६१. छप्पन आणि सोळा बहात्तर. म्हणजे माझे डोळे काचांच्या मध्याच्या बऱ्याच आत, नाकाकडे. दहा मिनिटांत फ्रेम उचलताना हे बघायला फक्त बेरीज लागली असती.

आणखी दोन मापं काडीवर लिहिलेली नसतात आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची. एक, काच डोळ्यापासून किती लांब. साधारण १२ ते १४ मिलिमीटर धरतात. जाड नंबरवाल्याचा चष्मा घसरला आणि हे अंतर वाढलं की काच तीच असून डोळ्याला पोचणारा नंबर बदलतो. दुसरं, काचेचा कल. चांगला बसवलेला चष्मा बाजूने बघा, काच उभी सरळ नसते. वरची कड पुढे, खालची गालाकडे, साधारण आठ-दहा अंश. आपण वाचताना खाली बघतो ना, तेव्हा नजर काचेला जवळजवळ काटकोनात भेटावी म्हणून. हा कल फ्रेमच्या बिजागरीत असतो. कारखान्यात बिजागरी बसवताना काही अंश चुकली तर चष्मा घालणारा माणूस पुढे वर्षभर मान वाकडी करून पेपर वाचतो.

आता नाक. फ्रेमचा बहुतेक भार नाकावर असतो आणि नाकं देवाने एका साच्यातून काढलेली नाहीत. आमच्याच घरात आजीचं चाफेकळी नाक आणि आत्याचं बसकं. जगातल्या पुष्कळ फ्रेमा उंच, अरुंद नाकासाठी आखलेल्या असतात. बसक्या नाकावर त्या घसरून गालावर टेकतात, आणि माणूस हसला की चष्मा वर उचलला जातो. आत्या फोटोत कधी हसायची नाही. मला आता वाटतं, त्यात थोडा भाग त्या चष्म्याचा असेल. चांगला कारागीर नाकाच्या दोन्ही बाजूंना फ्रेमचा उतार असा देतो की वजन एका रेषेवर न पडता दोन तळव्यांवर पडावं तसं पसरतं. काही फ्रेमांच्या मधल्या पुलाला किल्लीच्या भोकासारखा आकार असतो. तो जुनी ढब म्हणून ठेवत असतील असं मला वाटे. पण त्याने नाकाच्या मधल्या हाडावरचा दाब सुटतो आणि भार दोन्ही कुशींवर जातो. बाबांच्या फ्रेमचा पूल तसाच आहे.

बनवण्याच्या बाबतीत माझा जीव ॲसिटेटच्या फ्रेमांवर जडला, आणि त्याचं कारण कापूस आहे. सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा, त्याच्यावर व्हिनेगरच्या आम्लाच्या जातीची रसायनं, आणि मग त्यातून दाट, रंगवता येणारी कणीक. हेच ॲसिटेट. इटलीतली मात्सुकेल्ली नावाची कंपनी यात अग्रेसर आहे. १८४९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा शिंगाचे आणि कासवाच्या कवचाचे कंगवे नि बटणं करायची. कवचाच्या फ्रेमांसाठी आणि अशा इतर वस्तूंसाठी हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवांची इतकी कत्तल झाली की अखेर आंतरराष्ट्रीय कराराने त्या व्यापारावर बंदी आली. आज 'टॉर्टॉइज' म्हणून जो मधाचा आणि तपकिरी रंगाचा खेळ मिळतो तो ॲसिटेटमध्ये उतरवलेली त्या कासवाची आठवण आहे. निरनिराळ्या रंगांचे तुकडे एकत्र दाबून ठोकळा करतात आणि त्याचे काप काढतात. बर्फीच्या ताटातल्या दोन वड्यांवर बदामाचे काप जसे सारखे पडत नाहीत, तसे दोन फ्रेमांवरचे ढग सारखे पडत नाहीत. साच्यात गरम प्लास्टिक ओतून केलेल्या स्वस्त फ्रेमेवर हाच नक्षा वरून छापलेला असतो. कड बघितली की कळतं: खरा रंग आरपार असतो.

मग त्या कापातून फ्रेम कोरायची. आता हे यंत्र करतं आणि त्यात कमीपणा काही नाही, मी स्वतः यंत्रांवर जगते. कस पुढे लागतो. कोरलेली फ्रेम धारदार, पांढुरकी, निस्तेज असते. ती लाकडी पिंपात घालतात, बरोबर लाकडाचे बारीक तुकडे आणि प्युमिस दगडाची पूड, आणि पिंप फिरत राहतं. तास नाही, दिवस. मग दुसरं पिंप, बारीक पुडीचं. मग तिसरं. आमच्याकडे धातूच्या भागांचा बर, म्हणजे कापल्यावर राहणारी खरखरीत कड, काढायला असंच पिंप आहे, खड्यांचं, आणि ते अर्ध्या तासात काम संपवतं. मऊ वस्तूला घाई चालत नाही. शेवटी हाताने बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, धरून चकाकी, आणि इथे हात जरा जड पडला तर कडेची जी रेघ डिझाइन करणाऱ्याने मुद्दाम ठेवली ती वितळल्यासारखी गोल होते. चांगली फ्रेम ओळखायला मी आता डोळे मिटून तिच्या कडेवरून बोट फिरवते. जिथे कड हवी तिथे ती लागते, जिथे कातडीला टेकणार तिथे लागत नाही.

काडीच्या आत तार असते. अर्धपारदर्शक फ्रेम उजेडासमोर धरा, लखलखीत रेघ दिसेल. ॲसिटेट ऊब लागली की मऊ होतं. एप्रिलमध्ये पुण्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा विसरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तार नसेल तर काडी हळूहळू फाकते. काडी तापवून मऊ करतात आणि तार तिच्यात एका दमात आत मारतात. सरळ गेली तर मधोमध, तिरकी गेली तर काडी बाद. बाबांच्या काडीतल्या तारेवर बारीक आडवी नक्षी कोरलेली आहे. मधाच्या आत, कुणाला फारशी न दिसणारी नक्षी. ज्याने ती केली त्याचं नाव कुठेच नाही.

आणि बिजागरी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयात गेले होते. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं, आणि त्यात राजेरजवाड्यांच्या थाटापेक्षा दिवे, वज्री, अडकित्ते अशा घरातल्या वस्तू जास्त. भाची मोरांचे आणि जोडप्यांचे अडकित्ते बघत होती, मी त्यांचे सांधे बघत होते. अडकित्त्याची नक्षी कितीही सुंदर असो, पाती एकमेकांना घासून न डगमगता मिटली नाहीत तर सुपारी कातरत नाही, चिरडते. सगळा अडकित्ता त्या एका खिळ्यात आहे. चष्म्याचंही तसंच. काडी रोज दहा-वीस वेळा उघड-मीट होते. बिजागरीला एकात एक गुंतणाऱ्या कड्या असतात, तीन, पाच किंवा सात. जास्त कड्या म्हणजे घासणारी पृष्ठं जास्त, म्हणून काडी सैल पडायला वेळ लागतो. ती बसवायची पद्धतही बघावी. बाबांच्या फ्रेमच्या समोर दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिपके आहेत, ते रिव्हेटचे. ते फ्रेमच्या आरपार जाऊन मागच्या बिजागरीला पकडतात. हल्ली बऱ्याच फ्रेमांवर असे ठिपके नुसते वरून चिकटवलेले असतात, मागे काहीच नाही. मला ते बघवत नाही. काम न करणारा रिव्हेट लावण्यापेक्षा कोरी जागा ठेवावी.

काडी मिटताना जिथे समोरच्या भागाला भेटते तो सांधाही बघा. सुताराच्या चौकटीसारखा तिरका कापलेला असतो. चांगल्या फ्रेममध्ये काडी उघडली की त्या दोन कडांमध्ये केसही जाणार नाही, कारण आधी जोडून मग दोन्ही एकत्र घासलेल्या असतात. स्वस्त फ्रेममध्ये तिथे फट असते आणि तिच्यात पुण्याची धूळ बसते.

धातूच्या फ्रेमांचं जग वेगळं आहे, त्यावर थोडंच लिहिते. जपानमधल्या फुकुई प्रांतात साबाए नावाचं शहर आहे. १९०५ मध्ये मासुनागा गोझाएमोन या गृहस्थाने ओसाकाहून कारागीर बोलावून त्या भागातल्या शेतकऱ्यांना चष्मे करायला शिकवलं, कारण हिवाळ्यात शेतं बर्फाखाली आणि हातांना काम नाही. आज जपानात बनणाऱ्या दहातल्या नऊ फ्रेमा त्या भागातल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी टायटॅनियम वश केलं. पोलादापेक्षा हे सुमारे ४० टक्के हलकं, घामाने गंजत नाही, निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना चालतं. पण तापलं की हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, म्हणून सांधा आर्गॉन वायूच्या आवरणात करावा लागतो. केसाएवढ्या सांध्यासाठी एवढा खटाटोप. नाकपट्टीशी हिरवा मळ साठणारी जी साधी धातूची फ्रेम आपण सगळ्यांनी वापरली, तिच्यातल्या तांब्याचा तो गंज. टायटॅनियमला तो चढत नाही.

साबाएसारखी आणखी दोन ठिकाणं सापडली. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातलं मोरे, जिथे १७९६ मध्ये लोखंडी खिळे घडवणाऱ्या एकाने तिथली तारेची पहिली फ्रेम केली. आणि इटलीतलं कादोरे, आल्प्समध्ये, १८७८ पासून. तिन्ही बर्फाळ, लांब हिवाळ्याची. हातात कसब आणि बाहेर काम नाही. फ्रेमला लागणारे दोनशेच्या वर टप्पे साबाएत छोट्या छोट्या घरगुती कारखान्यांत वाटलेले आहेत. कुणी फक्त बिजागरी, कुणी फक्त चकाकी. कसब्यातल्या तांबट आळीतून लहानपणी जाताना असंच ऐकू यायचं: एका घरातून ठोका जड, दुसऱ्यातून हलका. मठारण्याचा तो आवाज ऐकून आई म्हणायची, हे भांडं अजून व्हायचंय. आजही तिथे थोडी घरं मठारकाम करतात. ठोक्याची खूण भांड्यावर मुद्दाम राहते. चष्म्यात मात्र हाताची प्रत्येक खूण पुसून टाकावी लागते, कारण राहिलेली खूण नाकाला टोचते.

एक गोष्ट मात्र साबाए नि कादोरेच्या डिझाइनरांना पुण्यातून कुणी तरी कळवायला हवी: आम्ही हेल्मेट घालून चष्मा घालतो. हेल्मेटच्या कुशनमध्ये जाड, शेवटी एकदम वाकलेली काडी सरकत नाही, कान दुमडतो, आणि रोजच्या त्या ओढाताणीने बिजागरी सहा महिन्यांत सैल होते. काकांनी माझ्यासाठी बारीक, जवळजवळ सरळ जाणारी काडी शोधली, जी कानाला अडकण्याऐवजी डोक्याच्या बाजूला अलगद धरते. भोसरीपर्यंत रोज जाऊन-येऊन तीस किलोमीटर, दोन वर्षं झाली, स्क्रू एकदाच आवळला. बऱ्याचदा चष्मा लावलाय हेच मी विसरते आणि तोंड धुवायला जाते.

तर, बाबांचा चष्मा. एवढं सगळं कळल्यावर मला त्यात माझ्या नंबरच्या काचा घालून वापरायचा होता. पूल माझ्या नाकाला बसत होता, मापंही जुळत होती. तो घेऊन काकांकडे गेले. त्यांनी हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि मग अंगठ्याने जोरात चोळून नाकाशी नेला.

"कापूर," म्हणाले.

"देवघरात असतो ना."

"देवघराचा नाही. हिचाच आहे. सेल्युलॉइड आहे ही, ॲसिटेटच्या आधीची. कापूर घालूनच बनते."

उभ्या उभ्या मला लहानपणीच्या सगळ्या सकाळी आठवल्या. जुन्या सिनेमाच्या फिती ज्याच्या असायच्या तेच हे सेल्युलॉइड. कापूस नायट्रिक आम्लातून काढायचा आणि तो ठिसूळ राहू नये म्हणून त्यात कापूर मिसळायचा. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने हस्तिदंताऐवजी काही तरी शोधताना ही कृती पक्की केली. ॲसिटेटपेक्षा कडक, चकाकी अशी की जपानात काही कारागीर अजूनही त्याच्याच फ्रेमा करतात, पत्रे महिनोन् महिने मुरवून. पण ते पेट घेतं, झटकन. म्हणूनच बाकीच्यांनी ते सोडलं.

काकांनी काच घालायला नकार दिला. फ्रेम आक्रसली होती. तापवल्याशिवाय काच जाणार नाही आणि तापवायची त्यांची तयारी नव्हती. खालच्या कडेला केसासारख्या चिरा त्यांनी भिंगातून दाखवल्या. "कापूर उडतो तशी ही सुकत जाते. वास येतो म्हणजे तेवढा कापूर गेला. फार चोळू नका." बिजागरीवरचा हिरवा गंज त्यांनी कापसाने पुसला, सैल स्क्रू आवळला, काड्या एकदा उघडून मिटून पाहिल्या. सात कड्यांची बिजागरी, तीस वर्षं वापरून आणि तेवढीच पडून, न खरखरता मिटली. पैसे घेतले नाहीत. बंद डबीत ठेवू नका, हवा लागू द्या, दुसऱ्या चष्म्यांजवळ नको, एवढं बजावलं.

घरी आल्यावर पहिली गेले ती कोनाड्यापाशी. इतकी वर्षं तो निरांजनापासून वीतभर अंतरावर पडलेला होता. मी तो आता बाबांच्या पुस्तकांच्या फळीवर, खिडकीपासून दूर, एका उघड्या ताटलीत मलमलीवर ठेवलाय. आई संध्याकाळी दिवा लावते आणि अजूनही सवयीने निरांजन जरा पुढे सरकवते, मागे जागा सोडून.